सोर्समधून कंपाइल केल्यावर उरलेला पसारा कसा आवरता?

उंबरठा
नमस्कार मंडळी. लॅपटॉपची एसएसडी २५६ जीबीची, त्यात लिनक्सला ९० जीबीचं पार्टिशन दिलंय. काल रात्री अपडेट करायला गेलो तर डिस्क भरली म्हणून मधेच थांबलं. डीयू (कुठल्या फोल्डरने किती जागा घेतलीय ते सांगणारी कमांड) लावून बघितलं तर होममधल्या 'सोर्स' नावाच्या एका फोल्डरनेच ४१ जीबी व्यापलेत. दोन-अडीच वर्षांत जे जे स्वतः कंपाइल केलं (कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधला) ते सगळं तिथेच पडून आहे, कर्नल (लिनक्सचा गाभा) दोनदा, एफएफएमपेग (ऑडिओ-व्हिडिओचं), ईमॅक्स (एडिटर), पायथन ३.१२, आणि ब्लेंडर (थ्रीडीचं), जे अर्ध्यावरच सोडलं होतं.

माझे प्रश्न असे की हे फोल्डर सरळ उडवलं तर इन्स्टॉल केलेलं चालायचं थांबेल का? 'मेक क्लीन' ('मेक' म्हणजे मेकफाइलमधल्या सूचनांप्रमाणे बांधून घेणारं साधन) केलं तर इन्स्टॉल झालेलंही जातं का? आणि पायथन ३.१२ मला आता नकोच आहे, पण 'मेक अनइन्स्टॉल' दिलं तर 'नो रूल टू मेक टार्गेट' म्हणून परत पाठवलं. उत्तर (उबुंटू २४.०४ आहे) हवंय, घाई नाही पण डिस्कवर फक्त ३०० एमबी उरलेत.

भाकरी_ठेचा
३०० एमबी आणि म्हणे घाई नाही :) आधी ट्रॅश रिकामी कर आणि 'ॲप्ट क्लीन' ('ॲप्ट' म्हणजे उबुंटूचं पॅकेज बसवायचं-काढायचं साधन) दे, एकदोन जीबी हमखास सुटतात. मग निवांत वाच.

पेंग्विनकाका
उंबरठा, घाबरू नकोस. तीन गोष्टी मनात वेगळ्या कर म्हणजे अर्धं काम झालं. एक सोर्स, म्हणजे टारबॉल (कोडची एकत्र बांधलेली फाइल) उघडून किंवा गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) आणलेला मूळ कोड. दुसरं, कंपाइल होताना तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइली, लायब्ररी, बायनरी वगैरे. आणि तिसरं, 'मेक इन्स्टॉल'ने उचलून युजर-लोकल (युएसआर-लोकल) फोल्डरात नेऊन ठेवलेल्या प्रती. ४१ जीबीतला मोठा वाटा दुसऱ्याचा असणार.

घराचा स्लॅब टाकतात तेव्हा खाली सेंटरिंगच्या फळ्या आणि बल्ल्या असतात, स्लॅब पक्का झाला की त्या काढतात आणि स्लॅब काही खाली येत नाही. ऑब्जेक्ट फाइली म्हणजे त्या फळ्या. 'मेक क्लीन' फक्त फळ्या काढतं, युजर-लोकलमधल्या प्रतींना हातही लावत नाही.

'मेक डिस्टक्लीन' त्याच्या एक पाऊल पुढे. कॉन्फिगरने (बांधायच्या आधी पर्याय ठरवणारी स्क्रिप्ट) तयार केलेली मेकफाइल, कॉन्फिग-स्टेटस, कॉन्फिग-लॉग हे सगळं काढून टारबॉल नुकता उघडल्यासारखं करून ठेवतं. कर्नलमध्ये शब्द थोडे वेगळे आहेत. तिथे 'क्लीन' तुझी कॉन्फिग फाइल ठेवतं आणि बाहेरचे मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलला जोडायचे तुकडे) बांधता येतील एवढं सामानही ठेवतं, 'एमआरप्रॉपर' मात्र कॉन्फिगसकट सगळं धुऊन काढतं. कर्नलमध्ये 'एमआरप्रॉपर' द्यायच्या आधी ती डॉट-कॉन्फिग फाइल दुसरीकडे कॉपी कर. दोन-दोन तास मेन्यूत बसून निवडलेले पर्याय असतात त्यात.

रानजाई
काकांचं बरोबर आहे पण "स्लॅब खाली येत नाही" याला अपवाद आहेत आणि त्यातल्या एकाने माझा पूर्ण रविवार घेतला होता म्हणून सांगते.

कर्नल स्वतः बांधून 'मॉड्यूल्स इन्स्टॉल' केलं की लिब-मॉड्यूल्समध्ये त्या व्हर्जनच्या फोल्डरात 'बिल्ड' नावाची एक सिमलिंक तयार होते. ती कुठे बोट दाखवते माहितीये? तुमच्या होममधल्या त्याच सोर्स फोल्डरकडे. मी जागा हवी म्हणून सोर्स फोल्डर उडवलं, मशीन पुन्हा चालू केलं, सगळं छान. महिन्याभराने वायफायच्या ड्रायव्हरचं अपडेट आलं, तो डीकेएमएसने (असे मॉड्यूल कर्नलप्रमाणे आपोआप बांधणारी यंत्रणा) बांधला जातो, आणि डीकेएमएस त्या लिंकवरून हेडर (बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) शोधायला गेलं तर समोर काहीच नाही. जुना मॉड्यूल आधीच काढलेला, नवा बांधला जाईना. वायफाय बंद, आणि वायफाय नाही म्हणून उत्तर शोधायला नेटही नाही. शेवटी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं.

म्हणून, ज्या कर्नलवर आत्ता चालू आहात त्याच्या सोर्समध्ये फक्त 'मेक क्लीन', त्याच्या पुढे जाऊ नका. ज्या जुन्या कर्नलवर आता बूट करत नाही त्याचं झाड मुळापासून काढलं तरी चालेल, पण मग बूट फोल्डरमधली त्याची इमेज, इनिट-आरडी, सिस्टम-मॅप आणि लिब-मॉड्यूल्समधलं फोल्डरही काढा आणि 'अपडेट-ग्रब' द्या, म्हणजे बूटचा मेन्यू नव्याने तयार होतो.

उंबरठा
बापरे. माझ्याकडे पण वायफाय डीकेएमएसवरच आहे. बरं झालं विचारलं.

तिठा
मुळात कंपाइल कशाला करता हा प्रश्न कोणी विचारतच नाहीये. रेपोमध्ये (उबुंटूच्या पॅकेजच्या भांडारात) तयार पॅकेज असतं, ॲप्टने घ्या, ॲप्टने काढा. पसारा शून्य.

सह्यवारा
@तिठा, सगळं मिळत नाही ना पण. मी ऑडिओचं काम करतो, मला एफएफएमपेगमध्ये एफडीके-एएसी एन्कोडर लागतो. त्याच्या लायसन्समुळे तो 'नॉनफ्री'चा पर्याय देऊनच चालू करावा लागतो आणि तशी बांधलेली बायनरी दुसऱ्याला वाटता येत नाही, म्हणून नेहमीच्या पॅकेजमध्ये तो नसतो. स्वतःच बांधायचं, दुसरा रस्ता नाही. आणि एकदा बांधायला लागलं की आपल्या मशीनमध्ये काय कुठे जातं हे कळायला लागतं, त्यात मला तरी मनापासून आनंद मिळतो.

तिठा
हे मान्य. एफएफएमपेगचं पटलं. ब्लेंडरचं नाही पटलं :)

देशावर
इकडे (म्युनिकला) सकाळ आहे, चहा घेता घेता लिहितोय, थोडं लांबेल.

मुळात क्लीन करायची वेळच येऊ नये असं बांधायचं. सोर्समध्ये उभं राहून कॉन्फिगर करायचंच नाही. शेजारी एक वेगळं बिल्ड फोल्डर करायचं, त्यात जायचं आणि तिथून 'डॉट-डॉट-स्लॅश' लावून सोर्समधलं कॉन्फिगर चालवायचं. सगळ्या ऑब्जेक्ट फाइली त्या बिल्ड फोल्डरातच पडतात, सोर्स कोरा राहतो. नको झालं की ते एक फोल्डर उडवलं की संपलं, मेकफाइलमध्ये क्लीनचं टार्गेट नीट लिहिलंय की नाही याची पर्वा नाही. आणि ते नीट नसतंच पुष्कळदा, कारण क्लीन म्हणजे काही जादू नाही, प्रकल्पवाल्याने ज्या फाइली काढायला सांगितल्या तेवढ्याच निघतात. गिटमध्ये तुम्ही दुसऱ्या ब्रँचवर गेलात की नव्या मेकफाइलला जुन्या ब्रँचने काय काय निर्माण केलं होतं याचा पत्ताच नसतो, ते तसंच पडून राहतं.

सीमेक आणि मेसॉन या बांधणीच्या दुसऱ्या साधनांमध्ये वेगळं फोल्डर हीच रीत आहे. मेसॉन तर वेगळ्या फोल्डरशिवाय चालतच नाही. ब्लेंडरचंही तसंच, साधं 'मेक' दिलं की सोर्सच्या शेजारी 'बिल्ड-लिनक्स' नावाचं फोल्डर होतं. उंबरठा, तू ते अर्ध्यावर सोडलंयस ना, तर ते अख्खं काढ, त्यात वाचवण्यासारखं काही नाही.

पण एक सांभाळा. सीमेकने इन्स्टॉल केलं असेल तर त्या बिल्ड फोल्डरात 'इन्स्टॉल-मॅनिफेस्ट' नावाची टेक्स्ट फाइल असते, त्यात कुठली फाइल कुठे नेऊन ठेवली त्याचा पूर्ण पत्ता ओळीने लिहिलेला असतो. सीमेक स्वतःहून 'अनइन्स्टॉल' देत नाही, त्यामुळे पुढे काढायचं झालं तर ही यादीच कामाला येते. बिल्ड फोल्डर उडवायच्या आधी ती बाहेर काढून ठेवा. काही केबींची फाइल आहे.

मोगरा_०९
सगळं गिटमधून आणलेलं असेल तर 'गिट क्लीन मायनस एक्सडीएफ', एका ओळीत विषय संपला की.

चिंचबन
@मोगरा_०९ थांब थांब थांब. त्यातला 'एक्स' म्हणजे गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) असलेलंही काढ. आणि गिटमध्ये न घातलेलं ते तर जातंच. माझ्या एका झाडात मी स्वतः लिहिलेले ४ पॅच होते, कमिट केले नव्हते, नुसते फोल्डरात ठेवले होते, शिवाय कर्नलची डॉट-कॉन्फिग. एका ओळीत गेले सगळे. ट्रॅशमध्ये जात नाही ते, आणि गिटला त्यांची ओळखच नव्हती त्यामुळे रीफ्लॉगमध्येही (गिटच्या जुन्या हालचालींच्या नोंदीत) नाही. तीन आठवड्यांचं काम होतं, पुन्हा लिहिताना अर्ध्या गोष्टी आठवल्या नाहीत.

आधी 'एफ'च्या जागी 'एन' द्यायचं. ते काय काय काढणार याची फक्त यादी दाखवतं. ती डोळ्यांखालून घालायची आणि मगच 'एफ'.

मोगरा_०९
अरे बापरे. हे माहीतच नव्हतं, मी गेली दोन वर्षं डोळे झाकून देतेय. धन्यवाद दादा, आजपासून 'एन' आधी.

पेंग्विनकाका
चिंचबन यांनी चांगलं सांगितलं. 'मेक'मध्येही तसंच आहे, 'मेक मायनस एन क्लीन' दिलं की काय चालवणार ते फक्त छापून दाखवतं. अनोळखी प्रकल्पात मी नेहमी देतो. कारण लोक मेकफाइलमध्ये 'आरएम मायनस आरएफ' लिहून पुढे व्हेरिएबल लावतात आणि त्याच्या पुढे स्लॅश-तारका. ते व्हेरिएबल रिकामं निघालं की उरतं काय, स्लॅश-तारका. आरएम नुसत्या स्लॅशला अडवतं, पण तारका लावली की शेल आधीच सगळी नावं पसरवून देतं, मग अडवायला काही उरत नाही.

जुन्या लोकांना आठवेल, २०११ साली बंबलबी म्हणून दोन ग्राफिक्स कार्डांच्या लॅपटॉपसाठी प्रकल्प होता. त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये पाथच्या मधोमध, 'युएसआर'च्या पुढे, एक स्पेस जास्त पडली होती. लोकांचं अख्खं युएसआर फोल्डर गेलं. एक स्पेस!

भाकरी_ठेचा
म्हणूनच 'सुडो'ने (रूट म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) कंपाइल करू नका हो. कॉन्फिगर आणि मेक साध्या युजरने, सुडो फक्त इन्स्टॉलला.

सह्यवारा
+१. आणि इन्स्टॉलच्या वेळीही काही प्रकल्प पुन्हा थोडं लिंक वगैरे करतात, त्या फाइली मग रूटच्या मालकीच्या होऊन बिल्ड फोल्डरात राहतात. मग साधा 'मेक क्लीन' द्या, 'पर्मिशन डिनाइड'. उंबरठा, तुला हे दिसलं तर गोंधळू नकोस, त्या फोल्डराची मालकी चाऊनने स्वतःकडे घे आणि मग क्लीन कर.

तांबडी_माती
जरा विषयांतर होतंय पण क्लीनवरूनच आठवलं. आमच्या गावी (यवतमाळ जिल्हा) २०१२ च्या उन्हाळ्यात लोडशेडिंग असायचं आणि मी डेस्कटॉपवर, यूपीएस नसताना, कर्नल कंपाइल करायला बसायचो. एकदा कंपाइल चालू असतानाच लाइट गेली. रात्री आली तेव्हा पुन्हा 'मेक' दिलं, म्हटलं जिथे राहिलं होतं तिथून पुढे जाईल. गेलंही पुढे, आणि शेवटी लिंकर (ऑब्जेक्ट फाइली एकत्र जोडणारा) म्हणतोय 'फाइल नॉट रेकग्नाइज्ड, फाइल ट्रंकेटेड'. मी पुन्हा मेक देतोय, पुन्हा तेच. तासभर कळेना.

झालं होतं असं की लाइट जाण्याच्या क्षणी ज्या ऑब्जेक्ट फाइली लिहिल्या जात होत्या त्यांची नावं डिस्कवर आली होती पण आतला मजकूर पोचलाच नव्हता. एलएस लावून बघितलं तर आकार शून्य. मेक आत बघत नाही, ते फक्त वेळ बघतं, ऑब्जेक्ट फाइल सोर्सपेक्षा नवी आहे ना, मग झालं, पुढे चला. कंट्रोल-सी दाबून थांबवलं तर मेक अर्धवट फाइल स्वतः काढून टाकतं, पण वीज गेल्यावर काढणार कोण.

सगळं 'मेक क्लीन' करून पहिल्यापासून बसायचं म्हणजे त्या मशीनवर तीन तास, आणि तेवढ्यात पुन्हा लाइट जायची. मग फाइंडने शून्य आकाराच्या ऑब्जेक्ट फाइली तेवढ्या शोधून काढल्या, १४ निघाल्या, त्या उडवल्या आणि मेक दिलं. पंधरा मिनिटांत झालं. तेव्हापासून लाइट गेली की आधी हे करतो.

रानजाई
काय सुंदर! १४ फाइली. हे मी वहीत लिहून ठेवणार.

देशावर
@तांबडी_माती, एक नंबर. मेकचं वेळेवर चालणं हा १९७६ पासूनचा स्वभाव आहे, स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्समध्ये लिहिलं तेव्हापासून. त्यावरूनच अजून एक, एका सहकाऱ्याचं 'मेक क्लीन' काहीच करायचं नाही, म्हणायचं 'क्लीन इज अप टू डेट'. त्याने त्या फोल्डरात 'क्लीन' नावाची एक स्क्रिप्ट ठेवली होती! मेकला वाटलं हीच ती फाइल, आहे की तयार. मेकफाइलमध्ये क्लीनला 'फोनी' (फाइल नव्हे, नुसतं कामाचं नाव) असं जाहीर केलं की हा घोळ होत नाही.

उंबरठा
मंडळी खूप खूप धन्यवाद, वाचतोय सगळं. पण माझं पायथन राहिलं हो. ते काढायचं कसं?

चिंचबन
हो, राहिलंच. पायथनच्या मेकफाइलमध्ये अनइन्स्टॉल नाहीच, तुझं काही चुकलेलं नाही. एफएफएमपेग आणि ईमॅक्सला आहे.

आणि आता नीट वाच. उबुंटू २४.०४ चं स्वतःचं सिस्टम पायथनही ३.१२ च आहे. ते युजर-बिनमध्ये राहतं, तुझं युजर-लोकल-बिनमध्ये. नाव अगदी तेच. चुकून सिस्टमच्याला हात लागला तर डेस्कटॉपची कितीतरी साधनं आणि अपडेट करणारी यंत्रणा कोलमडेल. प्रत्येक पाथमध्ये 'लोकल' आहे ना हे बोट ठेवून बघ.

सगळ्यात खात्रीची युक्ती म्हणजे सोर्स अजून आहे तोवर पुन्हा एकदा इन्स्टॉल करायचं, पण 'डेस्टडीआयआर' देऊन टेंपमधल्या एखाद्या रिकाम्या फोल्डरात. म्हणजे खऱ्या जागी काहीच होत नाही, पण त्या फोल्डरात हुबेहूब रचना उभी राहते. फाइंडने त्यातल्या फाइलींची यादी काढ, पुढचा टेंपचा भाग कापला की खऱ्या फाइलींचे पत्ते मिळाले. त्या काढ. फोल्डर काढताना मात्र फक्त पायथनचे स्वतःचे, बिन किंवा लिब असं सामाईक फोल्डर नाही.

पेंग्विनकाका
त्याच्या डिस्कवर ३०० एमबी आहेत, टेंपमध्ये पायथन मावणार नाही. आधी ब्लेंडर काढ, मग हे कर. 'इन्स्टॉल' केलं होतंस की 'ऑल्टइन्स्टॉल'?

उंबरठा
ऑल्टइन्स्टॉल, कुठेतरी वाचलं होतं.

पेंग्विनकाका
शाब्बास. म्हणजे युजर-लोकलमध्ये नुसत्या 'पायथन ३' नावाची लिंक पडली नसेल, सगळं ३.१२ च्या नावानेच असेल. काढून झालं की टर्मिनलमध्ये 'हॅश मायनस आर' दे, नाहीतर बॅश जुना पत्ता लक्षात ठेवून 'अशी फाइल नाही' म्हणत राहील आणि तुला वाटेल सिस्टमचं पायथन गेलं.

सह्यवारा
सोर्स फोल्डर उडवायच्या आधी एक काम सगळ्यांनीच करा. कुठल्या पर्यायांनी कॉन्फिगर केलं होतं ते टिपून ठेवा. कॉन्फिग-लॉगच्या अगदी सुरुवातीला ती अख्खी कमांड लिहिलेली असते. मी एकदा तसंच उडवलं, वर्षाने नवं व्हर्जन बांधायला बसलो तर कुठले पर्याय दिले होते काही आठवेना. सुदैवाने एफएफएमपेग व्हर्जन विचारलं की बांधतानाचे सगळे पर्याय स्वतःच सांगतं. ईमॅक्समध्येही 'सिस्टम-कॉन्फिगरेशन-ऑप्शन्स' नावाच्या व्हेरिएबलमध्ये असतात. पण सगळेच प्रोग्राम इतके आठवणीचे नसतात.

मोगरा_०९
मी कामावर डॉकरमध्ये (प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट एका 'इमेज'मध्ये भरणारं साधन) बांधते. तिथे कंपाइल एका स्टेपमध्ये आणि क्लीन पुढच्या स्टेपमध्ये केलं तर इमेज एक एमबीनेही कमी होत नाही, कारण आधीच्या लेयरमध्ये त्या फाइली कायमच्या बसलेल्या असतात. एकाच स्टेपमध्ये बांधून साफ करायचं, नाहीतर दोन टप्प्यांची इमेज करून दुसऱ्या टप्प्यात फक्त तयार बायनरी उचलायची. आमच्याकडे यातून इमेज १.८ जीबीवरून २१० एमबीवर आली.

भाकरी_ठेचा
कॅशे विसरू नका रे. सीकॅशे (आधी कंपाइल केलेलं साठवून ठेवणारं साधन) लावलं असेल तर होममधल्या डॉट-कॅशेमध्ये ते ५ जीबीपर्यंत वाढू शकतं आणि 'मेक क्लीन'ने त्याला काही होत नाही. अर्थात ते असण्यातच फायदा आहे, क्लीन करून पुन्हा बांधलं तरी भराभर होतं.

रानजाई
उंबरठा, पुढच्या वेळी कर्नल बांधशील तेव्हा दोन गोष्टी. डीबग-इन्फो (दोष शोधायला लागणारी जादा माहिती) बंद ठेव, तुझे एवढे जीबी बहुतेक त्यानेच खाल्लेत. आणि 'बाइनडेब-पीकेजी' टार्गेट वापर, म्हणजे इमेज आणि हेडरची डेब पॅकेजं तयार होतात. डीकेएमएसला हेडर पॅकेजमधून मिळतात, सोर्स झाड ठेवायची गरज राहत नाही आणि काढायचं तेव्हा ॲप्टने काढता येतं.

तिठा
बघा, आलात ना शेवटी ॲप्टवर :)

उंबरठा
करून आलो. क्रमाने लिहितो म्हणजे कोणाला उपयोग झाला तर.

ब्लेंडर आणि त्याचं बिल्ड-लिनक्स आधी काढलं, ९ जीबी सुटले. जुनं कर्नल (झाड, बूटमधल्या फाइली, लिब-मॉड्यूल्स) गेलं, १३ जीबी. चालू कर्नलला फक्त 'मेक क्लीन', डॉट-कॉन्फिग आधी पेनड्राइव्हवर घेतली. तिथे सह्यवारा म्हणाले तसं 'पर्मिशन डिनाइड' आलंच, मालकी बदलून झालं, ११ जीबी. डीबग-इन्फो खरंच चालू होता. एफएफएमपेग आणि ईमॅक्सला डिस्टक्लीन, पर्याय टिपून ठेवले.

पायथन डेस्टडीआयआरच्या यादीने काढलं, प्रत्येक ओळीत 'लोकल' आहे ना ते ग्रेपने तपासलं आणि मग वरवर डोळ्यांनीही. नंतर पायथन ३.१२ दिलं तर 'अशी फाइल नाही'! काळजात धस्स झालं, मग काकांचं हॅश मायनस आर आठवलं. सिस्टमचं आलं वर.

सोर्स फोल्डर आता ४.६ जीबी. डीकेएमएस स्टेटस बघितलं, वायफायच्या मॉड्यूलपुढे 'इन्स्टॉल्ड' दिसतंय, बिल्डची लिंकही जागेवर आहे. रात्री अडकलेलं अपडेट पुन्हा लावलंय, २१८ पैकी १४० पॅकेजं झालीत.